ताजमहालाला काय दिसतं

ताजमहाल बघायला म्हणून आम्ही सगळे अंगणात गोणपाट टाकून बसलो होतो आणि समोरच्या चुना मारलेल्या भिंतीवर दिसत होती एक म्हातारी. चपला हातात, मान वर, तोंड उघडं. शेजारी तिचा नवरा असावा, त्याचंही तोंड उघडं. दोघांच्या मधे एक पोरगं खाली बसून, सगळ्या दुनियेला कंटाळून, बुटातला खडा काढत होतं. आम्ही वाट बघितली. भाऊंनी प्रोजेक्टरची कळ दाबली, खट्ट आवाज झाला आणि दुसरं चित्र आलं. त्यात एक नवी नवरी आणि तिला काहीतरी समजावून सांगणारा नवरा. नवरी भलतीकडंच बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भाऊ, ताजमहाल कुटं हाय?" औंढ्याहून शेंगा घेऊन आलेल्या आबांनी शेवटी विचारलंच.

"मागं."

"कुनाच्या मागं?"

"माज्या. मी तेच्याकडं पाट करून हुबा व्हतो." भाऊ शांतपणे पुढची स्लाइड सरकवत म्हणाले. "ताजमहालाचा फोटू क्यालेंडरवर फुकट मिळतो, आबा. ताजमहालाला काय दिसतं, त्यो कुटं मिळतो का सांगा."

आबांनी शेंग फोडली. "मंग जायाचं तरी कशाला येवड्या लांब? तोंड उगडं टाकलेली मानसं आपल्या बाजारातबी हायत."

भाऊ म्हणजे कुसगावातले माझे पहिले घरमालक. मी पुण्याहून इथल्या शाळेवर रुजू झाले तेव्हा त्यांच्या पडवीतली खोली घेतली. तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावं! आपण या गावावर उपकार करायला आलो आहोत अशी माझी ठाम समजूत होती आणि ती लपवण्याइतकी अक्कल मला नव्हती. पहिल्याच दिवशी मी वहिनींना म्हणाले होते, "मला सकाळी चहा आल्याचा लागतो." वहिनी म्हणाल्या, "आलं मागं परड्यात हाय. उपटून घ्या."

भाऊ रेल्वेत होते, घाटात. पावसाळ्यात धुकं उतरलं की सिग्नलच्या अलीकडं रुळावर फटाके बांधायचं काम त्यांच्याकडं असे. इंजिन वरून गेलं की फटाका फुटायचा, ड्रायव्हरला कळायचं, पुढं सिग्नल आहे, जपून. ठरलेल्या खांबापाशी उभं राहायचं आणि बघायचं. तिथून सिग्नल दिसला नाही की फटाका बांधायचा. "धुक्याचा पगार खाल्लाय मी," ते म्हणत. धुक्याबद्दल गावात कुणी त्यांच्याशी वाद घालत नसे. पावसाळ्यातलं धुकं अंगावर येऊन बसतं, थंडीतलं पायाखाली झोपतं आणि उन्हं लागली की उठतं, हे मला त्यांनीच शिकवलं. मी ते पुढं वर्गात असं शिकवलं, जणू मलाच सुचलं होतं.

कॅमेऱ्याचं वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनाही सांगता येत नसे. पण लागलं ते सगळ्या घराला लागलं. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते म्हणून लेन्स तांदळाच्या डब्यात. इंद्रायणीचे तांदूळ घ्यायला हात घातला की वहिनींच्या हाताला काचेचं गार काहीतरी लागायचं. "लोकाच्या तांदळात खडं निगत्यात," त्या म्हणायच्या. थंडीत पहाटे बाहेर पडताना कॅमेऱ्याला लोकरीची कानटोपी आणि भाऊंचं डोकं उघडं. गरम घरातून एकदम गार हवेत गेला की त्याच्या काचेवर दव बसतं, त्याला सवय होऊ द्यावी लागते, असं त्यांचं शास्त्र होतं. नवऱ्याला सर्दी झाली की वहिनी कॅमेऱ्याकडं बघून म्हणायच्या, "ह्यो मातुर ठणठणीत हाय."

फोटो काढायचे ते थंडीत. बाकीचं वर्ष त्यांच्या लेखी नुसतं वाट बघण्याचं. पावसाळ्यात मावळ दिसत नाही, उन्हाळ्यात दिसतो पण पांढरा पडलेला असतो. दिवाळी झाली की हवा धुतल्यासारखी होते आणि मग भाऊंचे पाय घरात ठरत नसत. प्रवासही थंडीतच. रेल्वेचा पास होता, वहिनींनी बांधून दिलेल्या भाकऱ्या होत्या. कन्याकुमारीला सूर्य उगवताना त्यांनी सूर्याकडं पाठ केली आणि कपाळावर हात धरलेल्या शेपन्नास लोकांचा एक फोटो काढला. सगळ्यांचे चेहरे तांब्याच्या तांब्यासारखे. दार्जिलिंगला म्हणे पहाटे बर्फाचं शिखर सोनेरी झालं. आमच्या भिंतीवर आली ती एक चहावाली. शिखर तिच्यासमोर, आणि ती जांभई देतेय. "तिला रोजचंच हाय त्ये," भाऊंनी खुलासा केला. वहिनी सगळीकडं बरोबर असायच्या, पण एकाही फोटोत नसायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मी मागून स्वेटर धरून हुबी असते. न्हाईतर ह्ये उलटं चालत समुद्रात जातील."

अशा माणसाकडं मी माझा फोटो काढा म्हणून गेले होते, यावरून माझी तेव्हाची हुशारी ध्यानात यावी.

घरात माझ्या लग्नाचं बघत होते आणि स्थळांना दाखवायला फोटो हवा होता. पुण्यातल्या स्टुडिओत पडद्यावरचा बगीचा मागं ठेवून काढलेला फोटो माझ्या मैत्रिणींचा होता, म्हणून मला नको होता. मला हवी होती दरी. मोरपंखी नायलॉनची साडी नेसले, मैत्रिणीकडून काळा गॉगल मागून आणला आणि राजमाची पॉइंटच्या कठड्यावर जाऊन बसले. हनुवटीखाली हात, नजर दूर. हातात चिक्कीचा पुडा होता, तो साडीच्या निऱ्यांमागं लपवला.

भाऊंनी कॅमेऱ्यातून बघितलं. परत बघितलं. "बाई, कोन येनार हाय का तिकडून?"

"तुम्ही काढा हो."

"काडतो. उजेड जरा वळू द्या."

उजेड कसला वळतोय. मी अवघडून गेले, मान आखडली, तरी नजर दूरच. त्या दूरच्या नजरेमुळं जवळचं माकड मला दिसलं नाही. त्यानं निऱ्यांमागं हात घातला, पुडा ओढला. मी पुड्याचं दुसरं टोक सोडलं नाही. भाऊंनी नेमकी तेव्हा कळ दाबली.

फोटोत गॉगल एका कानावर लोंबतोय, तोंड पार उघडं आहे, आणि माकड व मी एकमेकांना जे काही म्हणतोय ते वर्गात सांगण्यासारखं नाही. मी तो फाडला आणि भाऊंशी महिनाभर बोलले नाही. "मान वाकडी करून बसलेलं मानूस म्हंजे यार्डात हुबी केलेली गाडी," ते वहिनींना मला ऐकू जाईल असं सांगत. "गाडीचा फोटू चालत्या गाडीचा काडावा."

दुसरी प्रत वहिनींनी जपून ठेवली होती. माझा मामा चौकशीला आला तेव्हा मी शाळेत होते. वहिनींनी ती त्याच्या हातावर ठेवली, आणि मामानं ती न बघता पाकिटात घालून पुढं पाठवली. आमच्या ह्यांनी ती बघून होकार कळवला. पुढं कधीतरी मी कारण विचारलं. म्हणाले, "जी मुलगी माकडाला चिक्की सोडत नाही, तिचं आमच्या आईशी जमेल असं वाटलं." जमलं नाही. पण चिक्की कुणी सोडली नाही, हे खरं.

लग्नानंतर आम्ही भाऊंच्या समोरच्याच गल्लीत घर बांधलं. हे गेले, मुलं पुण्याला गेली, मी राहिले. भाऊ निवृत्त झाले त्यालाही आता जमाना झाला. स्लाइडची जागा टीव्हीनं घेतली. माझी नात सुटीला आली की कुठली तरी वायर कुठं तरी जोडते आणि भाऊंचे फोटो टीव्हीवर येतात. आता प्रवास होत नाही. भाऊ रोज पहाटे ओळखीच्या रिक्षानं नागफणीच्या, त्या नाकासारख्या डोंगराच्या, बाजूच्या कड्यावर जातात, फोटो काढतात, उन्हं वर आली की परत येऊन ओट्यावर पाय सोडून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कन्याकुमारी सांगतात. आबा अजून शेंगा आणतात. फक्त आता त्या फोडून द्याव्या लागतात.

या थंडीत भाऊ एक नवीच गोष्ट सांगायला लागले.

"औंदा धुकं उटत न्हाई."

पहिल्या दिवशी मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवडा गेला. ऊन असं की माझे पापड एका दिवसात वाळत होते, आणि भाऊ ओट्यावरून म्हणत होते, "बगा बाई, दुपार झाली तरी हाय तसंच. शनिवार-रविवारच्या गाड्यांनी समदी हवा नासवली."

मग ती टीव्हीवरची संध्याकाळ आली. भाऊ खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवून दाखवू लागले. "ही नागफनी. निस्तं नाक तेवडं वर हाय, बाकी समदं धुक्यात बुडलंय. असा फोटू जल्मात मिळाला न्हवता."

पडद्यावर नागफणी होती. स्वच्छ. उतारावरचं एकेक झाड मोजता आलं असतं. एका करवंदीच्या जाळीत अडकलेली वेफरची पिवळी पिशवीसुद्धा दिसत होती. भाऊंच्या मुलानं दिलेला नवा कॅमेरा आपला आपणच नजर जुळवून घेतो, तेव्हा फोटोत खोट नव्हती. नात माझ्याकडं बघायला लागली. मी तिला चिमटा काढला.

"व्हय," आबा म्हणाले. "लय धुकं."

आमच्याकडं माणूस एका वयाच्या पुढं गेला की तो म्हणतो ते बरोबर असतं. त्यातून धुक्याची गोष्ट, आणि सांगणारे भाऊ. मीसुद्धा "वा" म्हणाले. वहिनी तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या भाऊंच्या मागं उभ्या होत्या.

चारेक दिवसांनी त्या माझ्याकडं आल्या. मेथीची जुडी घेऊन आल्या होत्या, बसल्या, निवडायला लागल्या.

"रिक्षावाला आला व्हता," अर्धी जुडी झाल्यावर म्हणाल्या. "म्हनला, मावशी, आजोबा कड्याच्या फुडं पाय टाकत व्हते. म्या स्वेटर वडला म्हनून. हे म्हनत्यात, धुक्यात कडा दिसला न्हाई. त्यो म्हनला, मावशी, धुकं कसलं, खालच्या गावातली कोंबडी दिसत व्हती."

मी हातातली काडी खाली ठेवली.

"डोळ्याच्या डाक्टरचं नाव काडलं तर जेवत न्हाईत. पोरानं फोन केला तर ठिऊन दिला. उद्या परत चाललेत. मी काय रोज कड्यावर जाऊ का स्वेटर धराया, ह्या गुडघ्यांनी?"

डॉक्टरला त्यांचा विरोध का, ते मला माहीत होतं. फार पूर्वी त्यांनी एक लेन्स पुण्यात साफ करायला दिली होती आणि ती ओरखडा घेऊन परत आली. "तिची दुसरी तरी मिळाली," भाऊ म्हणायचे. "डोळ्याची कुटून आनू? माज्या लेन्सला कुनी हात लावायचा न्हाई."

तरुणपणची मी असते तर सरळ जाऊन त्यांना सुनावलं असतं. तेव्हा मला सत्य बोलायची फार हौस होती. त्यानं कुणाचं कधी काही भलं झाल्याचं आठवत नाही. म्हातारपणाचा फायदा असा की खोटं बोलायचा संकोच राहत नाही. मी संध्याकाळी भाऊंच्या ओट्यावर गेले आणि तोंड पाडून बसले.

"काय झालं, बाई?"

"भाऊ, मला धुकं दिसत नाही."

"म्हंजे?"

"तुम्हाला दिसतं, आबांना दिसतं. त्या दिवशी टीव्हीवर सगळ्यांना दिसलं. मला नुसती झाडं दिसली. माझे डोळे गेले वाटतं."

भाऊ सरळ होऊन बसले. चेहऱ्यावर खरीच काळजी. "आन् तुमी वा म्हनलात?"

"लाजेनं म्हटलं."

"अगं, तुज्या बाई आंधळ्या व्हायला लागल्या," ते आतल्या वहिनींना म्हणाले. मग मला, "ह्ये आंगावर काडायचं न्हाई. उद्या सकाळी लोनावळ्याला जायाचं डोळ्याच्या दवाखान्यात. मी येतो संगं."

"तुमचं कड्यावर जायचं बुडेल."

"बुडू द्या. धुकं कुटं पळतंय?"

दवाखान्यात भाऊ माझ्या पुढं शिरले, वहिनी मागून. डॉक्टरीण तरुण होती, नातीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी. भाऊंनी खुर्ची ओढून मला बसवलं आणि माझी केस मांडली. "ह्यांना धुकं दिसत न्हाई."

डॉक्टरीण माझ्याकडं बघायला लागली. मी एक डोळा मिचकावला. पोरगी हुशार, लगेच उमजली.

"कधीपासून?"

"ह्या थंडीपासून," भाऊ म्हणाले. "समद्यांना दिसतंय."

"असं करू. आजोबा, तुम्ही या खिडकीपाशी. तुमच्याशी ताडून बघू. समोर काय दिसतं?"

खिडकीबाहेर बाजार होता. दुपार व्हायला आली होती, चिक्कीच्या दुकानांवर ऊन तापलं होतं. समोरच्या दुकानाची पाटी माणसाएवढ्या अक्षरांत होती.

भाऊंनी बराच वेळ बघितलं. "धुकं."

खाली कुणीतरी शर्टाच्या बाहीनं घाम पुसत गेलं. भाऊंनी खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. मग खिडकी उघडली आणि परत बघितलं. ऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं, ते त्यांना लागत असणारच. एवढ्या उन्हात थंडीतलं धुकं राहत नाही, हे मला ज्यांनी शिकवलं ते हेच.

वहिनी पुढं व्हायला लागल्या. मी त्यांचा हात धरला.

"खांबापाशी हुबं ऱ्हायचं," भाऊ खिडकीकडं तोंड करूनच म्हणाले, हळू. "सिग्नल दिसंना, तर वाद घालायचा न्हाई. फटाका बांदायचा." मग वळले आणि येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. "बाई, उटा. आदी माजं बगू दे त्यांना."

डॉक्टरणीनं बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन म्हटल्यावर भाऊंनी लेन्सच्या ओरखड्याची गोष्ट सुरू केली, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, आम्ही साफ नाही करत. जुनी काढतो आणि नवी लेन्स बसवतो."

भाऊ थांबले. "नवी?"

"नवी."

"काचेची का पल्याष्टिकची?" आणि तिथून पुढं दवाखान्यात आलेले बाकीचे पेशंट ताटकळले. भाऊंनी ती लेन्स बनवतात कुठं, तिला बुरशी धरते का, फोकस फिरतो का, सगळं विचारून घेतलं. फोकस फिरत नाही, पण लांबचा किंवा जवळचा ठरवता येतो, असं तिनं सांगितलं.

"लांबचा," भाऊ म्हणाले.

"म्हंजे मी दिसाया नको," वहिनी म्हणाल्या.

"तू पाट हायस मला."

निघता निघता डॉक्टरणीला आठवण झाली. "आजी, तुमचेही डोळे बघते, आलाच आहात तर." मी बसले बेफिकीर. तिनं दिवा मारला, हं हं केलं आणि म्हणाली, "डाव्यात सुरुवात आहे."

माझं तोंड उघडं राहिलं. भाऊ दारातून मागं फिरले. "मी म्हनलं न्हवतं?" रिक्षात घरापर्यंत तेच.

आधी त्यांचा एक डोळा झाला, मग दुसरा. दिवस गेले ते काळा चष्मा लावून ओट्यावर बसण्यात. "त्यो माकडानं लोंबवलेला गागल ह्योच का?" असं मला दर दिवशी विचारण्यात येई. शेवटी परवानगी मिळाली तेव्हा नातीनं टीव्हीवर या थंडीतले फोटो लावले. भाऊ खुर्चीतूनच बघत होते. नागफणी आली. झाडं आली, दरी आली, वेफरची पिशवी आली. एक झाला, दुसरा झाला. धुकं कशातच नव्हतं. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

"बरं काडलेत," ते म्हणाले. "कोन व्हता काडनारा?"

मग त्यांची मान माझ्याकडं वळली. बराच वेळ बघत राहिले, कॅमेऱ्यातून बघावं तसे. "बाई, तुमी म्हाताऱ्या कदी झालात?"

"तुम्ही धुक्यात होतात तेव्हा."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

थंडी सरता सरता ते मला म्हणाले, "चला, तुमचा फोटू ऱ्हायलाय." मी आढेवेढे घेतले नाहीत, ते वय गेलं. निवृत्तीच्या समारंभाची पैठणी नेसले, केसांना तेल लावलं. रिक्षानं आम्ही तिघं त्यांच्या कड्यावर गेलो. मी एका सपाट दगडावर बसले. आधी सगळीकडं माकड बघून घेतलं. मग हनुवटीखाली हात, नजर दूर. इतक्या वर्षांनी मान त्याच बाजूला वळली, फक्त कडाक आवाज झाला.

समोर सबंध दरी उघडी होती. खाली घरांचे पत्रे चमकत होते, त्यांच्यापलीकडं डोंगरामागं डोंगर, अगदी शेवटचा निळासुद्धा कडेला धारदार.

भाऊ समोर येऊन उभे राहिले. माझ्याकडं बघितलं, उजेड बघितला, परत माझ्याकडं बघितलं. काही सूचना नाही, टोमणा नाही. मी श्वास धरला. मग ते चालत माझ्याजवळ आले, माझ्या दगडाला पाय टेकवून वळले, आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. वहिनींनी मागून स्वेटर धरला.

"भाऊ, मी इकडं आहे."

"ठाव हाय," ते म्हणाले आणि कळ दाबली.

तो फोटो आता माझ्या बैठकीत आहे. दाराच्या अगदी समोर. येणारा प्रत्येक जण थांबून बघतोच, इतकी दूरपर्यंतची दरी त्यात आली आहे. परवा शाळेतल्या जुन्या बाई आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर-खाली केला, जवळ जाऊन बघितलं, लांबून बघितलं. "तुमचा फोटो म्हणालात ना? यात तुम्ही कुठं आहात?"

"मागं," मी म्हटलं आणि चहा टाकायला गेले.